फार्मसीची पहिली नोकरी: काउंटरवरची की बंद दाराआडची?

अमेरिकेत राज्याच्या फार्मसी बोर्डाच्या संकेतस्थळावर आपल्या नावापुढे लायसन्स ‘ॲक्टिव्ह’ असं दिसलं की दोन दिवस माणूस हवेत असतो. तिसऱ्या दिवशी नोकरीचे प्रश्न सुरू होतात. दर उन्हाळ्यात मला असे दोन-चार फोन येतात. कुणाची भाची, कुणाच्या मैत्रिणीचा दीर. "ताई, दोन ऑफर आल्यात. एक चेन स्टोअरची, एक एलटीसी फार्मसीची. पगार उन्नीस-बीस. पण ही एलटीसी म्हणजे नक्की काय भानगड असते?"

मी कराडला बी.फार्म. केलं, लग्नानंतर अमेरिकेत आले, इथं पुन्हा कॉलेजात जाऊन फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, केलं. तीन वर्षं न्यू जर्सीत एका चेन स्टोअरच्या काउंटरवर काढली. गेली सहा वर्षं लाँग-टर्म केअरमध्ये (तीच ही एलटीसी), म्हणजे नर्सिंग होमना औषधं पुरवणाऱ्या फार्मसीत आहे. फोनवर तेच तेच सांगून झालंय, म्हणून एकदा लिहून काढते.

भारतातून वाचत असाल तर एक गोष्ट आधीच सांगते. १ जानेवारी २००३ नंतर पदवी मिळाली असेल, तर परदेशी फार्मासिस्टना द्यावी लागणारी एफपीजीईई परीक्षा देण्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं चार वर्षांचं बी.फार्म. त्यात बसत नाही, सहा वर्षांचं फार्म.डी. बसतं. "बघू, करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे मोजण्याआधी एनएबीपीची, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, नियमपुस्तिका स्वतः वाचा. पुढचं सगळं ज्यांचं लायसन्स हातात आलंय किंवा येऊ घातलंय त्यांच्यासाठी.

१. दोन्ही कामं आधी डोळ्यांसमोर आणा

रिटेल, म्हणजे काउंटरवरची फार्मसी, सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान गिऱ्हाईक म्हणून. पण इथलं रिटेल म्हणजे आपल्याकडचं ‘मेडिकल’ नव्हे. गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, आणि तो बहुतेक टेक्निशियनच करतात. तुमचा दिवस जातो तो इन्शुरन्सने नाकारलेली बिलं सोडवण्यात, प्रायर ऑथरायझेशनसाठी, म्हणजे इन्शुरन्सच्या आगाऊ मंजुरीसाठी, डॉक्टरांच्या ऑफिसच्या मागे लागण्यात, लसी टोचण्यात आणि ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी धावण्यात. सप्टेंबर उजाडला की फ्लूच्या लसी. एकाच वेळी तीन फोन, खिडकीशी गाडी, समोर रांग आणि लस घ्यायला बाही वर करून बसलेली बाई, हे चित्र अतिशयोक्तीचं नाही, मंगळवारचं आहे.

एलटीसी फार्मसीला दुकानच नसतं. एखाद्या औद्योगिक वसाहतीत, टाइल्सच्या गोदामाला लागून, पाटी नसलेली इमारत. दाराला कुलूप, आत यायला कार्ड. म्हणूनच तिला ‘क्लोज्ड-डोअर’ म्हणतात. पेशंट तिथं येत नाही, यायची परवानगीच नाही. अमेरिकेत साधारण १५,००० नर्सिंग होम आहेत आणि त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसं राहतात. शिवाय असिस्टेड लिव्हिंग आणि ग्रुप होम वेगळी. यांतल्या बहुतेकांची औषधं अशा बंद दाराआडून जातात.

गोळ्या जातात त्या ब्लिस्टर कार्डात. पुठ्ठ्याच्या एका कार्डावर तीस फुगे, प्रत्येकात एक गोळी, मागे फॉइल. लहानपणी आईची टिकल्यांची पाकिटं असायची ना, तशीच मांडणी, फक्त टिकलीच्या जागी मेटोप्रोलॉल. नर्स रोज एक फुगा दाबते आणि गोळी पेल्यात पाडते. महिन्याच्या मध्यावर किती फुगे रिकामे आहेत यावरून डोस चुकला की नाही ते एका नजरेत कळतं. ब्रँडेड गोळ्या-कॅप्सूल मात्र एका वेळी १४ दिवसांच्याच पाठवायच्या. मेडिकेअर पार्ट डीचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यातल्या औषधांच्या भागाचा, हा नियम २०१३ पासून आहे. पेशंट हॉस्पिटलात गेला, वारला किंवा डॉक्टरांनी औषध बदललं, तर महागड्या गोळ्या कचऱ्यात जाऊ नयेत, हा हेतू.

एलटीसी हे एक काम नाही, हे मात्र मला आत शिरल्यावर कळलं. एक असतो ऑर्डर तपासणारा फार्मासिस्ट, दिवसभर स्क्रीनसमोर. दुसरा आयव्ही रूममध्ये, गाऊन-ग्लोव्ह्ज चढवून शिरेतून द्यायच्या व्हॅन्कोमायसिनसारख्या अँटिबायोटिकच्या पिशव्या तयार करून घेणारा. तिसरा कन्सल्टंट फार्मासिस्ट, जो प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये जातो. केंद्राच्या नियमाप्रमाणे तिथल्या प्रत्येक रहिवाशाची औषधं महिन्यातून किमान एकदा फार्मासिस्टने तपासावीच लागतात आणि खटकलेलं लेखी कळवावं लागतं. जाहिरातीत नुसतं ‘एलटीसी फार्मासिस्ट’ लिहिलं असेल तर ते जवळजवळ नेहमी पहिलं काम असतं. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला "तू कन्सल्टंट होशील" असं कुणी पहिल्याच मुलाखतीत सांगितलं, तर कधीपासून ते लेखी मागा.

२. घाई कुठल्या जातीची सोसेल ते ठरवा

"रिटेलमध्ये ताण, एलटीसीत आराम" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलंय, त्यांनी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे येऊन बघावं.

रिटेलची घाई तुकड्यातुकड्यांची असते. दर दोन मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं. हातातलं प्रिस्क्रिप्शन तपासताना तीनदा मान वर करावी लागते आणि चुका होतात त्या या मान वर करण्यात. आता बरीच चेन दुकानं दुपारी अर्धा तास फार्मसी बंद ठेवतात. मी होते तेव्हा ते नव्हतं. मी डबा उभ्याने, फ्रिजच्या आडोशाला खायचे. पोळीभाजीचा रोल करून न्यायचा, म्हणजे एक हात मोकळा राहतो.

एलटीसीची घाई घड्याळाची. प्रत्येक नर्सिंग होमला ऑर्डर पाठवायची ठरलेली वेळ असते, तिला कट-ऑफ म्हणतात. दुपारी हॉस्पिटलं पेशंट सोडतात, ते नर्सिंग होममध्ये पोचतात चार-पाचला, आणि त्यांच्या पंधरा-पंधरा औषधांच्या ऑर्डर कट-ऑफच्या तोंडावर एकदम आदळतात. बाहेर ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून उभा. निळे प्लॅस्टिकचे खोके, टोट, सीलबंद व्हायचे आहेत. त्या दोन तासांत कुणी कुणाशी बोलत नाही. गाडी गेली की इतकी शांतता पसरते की एसीचा आवाज ऐकू यायला लागतो. गाडी निघून गेल्यावर ऑर्डर आली, तर नर्सिंग होममधल्या आपत्कालीन पेटीतून, ई-किटमधून, पहिला डोस काढायला सांगायचा, नाहीतर ‘स्टॅट’, म्हणजे तातडीची, डिलिव्हरी पाठवायची. तिचा खर्च कुणी द्यायचा यावर दर महिन्याला वाद.

मला दुसऱ्या जातीची घाई सोसते. माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीला नाही सोसली. ती चार महिन्यांत काउंटरवर परत गेली, कारण तिला माणसं लागतात.

आणि माणसं हा मुद्दा हलका नाही. रिटेलमध्ये असताना मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा तेल्मा ४० ची रिकामी स्ट्रिप घेऊन काउंटरशी आले होते. गोळ्या संपल्या होत्या, मुलगा ऑफिसात, आणि आपल्याकडच्यासारखी स्ट्रिप दाखवली की मिळेल अशी त्यांची समजूत. मी मराठीत बोलले तेव्हा ते आधी दचकले, मग खुर्ची ओढून बसलेच. त्यांना कागदावर ‘टेल्मिसार्टन’ लिहून दिलं, जवळच्या अर्जंट केअरचा पत्ता दिला, प्रिस्क्रिप्शन आल्यावर इन्शुरन्स नसताना कूपन लावून किंमत कमी करून दिली. भारतात परत जाईपर्यंत ते नुसतं "बरं चाललंय ना?" विचारायला यायचे. एलटीसीत सहा वर्षांत मला एकाही पेशंटचा चेहरा माहीत नाही. नावं शेकडो पाठ आहेत. एखाद्या सकाळी त्या नावापुढे ‘एक्स्पायर्ड’, म्हणजे माणूस वारला, असं दिसतं आणि उरलेली कार्डं परत येतात.

३. फोनवर पलीकडे कोण, ते समजून घ्या

नव्या माणसाची सगळ्यात जास्त तारांबळ इथं उडते.

रिटेलमध्ये फोनवर पेशंट असतो, तो रागावलेला असला तरी त्याला एकच औषध हवं असतं. एलटीसीत फोनवर नर्स असते. तिच्या एका हॉलमध्ये पंचवीस-तीस पेशंट, ती तीस सेकंदांत बोलून मोकळी होणार. माझ्या दुसऱ्याच महिन्यात रात्री एका नर्सने फोनवर ऑर्डर दिली. मी ऐकलं ‘हायड्रॅलझीन २५, दर आठ तासांनी, लागेल तसं’. लागेल तसं द्यायच्या, म्हणजे पीआरएन ऑर्डरला कारण लिहावं लागतं, म्हणून केवळ सवयीने विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, "इचिंग." हायड्रॅलझीन हे रक्तदाबाचं औषध. खाजेवरचं ते हायड्रॉक्झिझीन. दोन्ही २५ मिलिग्रॅममध्ये येतात. त्या रात्री घरी जाताना गाडीत हात थरथरत होते. तेव्हापासून फोनवरची प्रत्येक ऑर्डर मी स्पेलिंगसकट परत वाचून दाखवते आणि कारण विचारते. आपल्या उच्चारांची लाज न बाळगता, "बी ॲज इन बॉय" म्हणत. नर्स वैतागली तर वैतागू दे.

दुसरा सापळा मॉर्फिन-ऑक्सिकोडोनसारख्या शेड्यूल टू, म्हणजे कायद्याच्या कडक नियंत्रणातल्या, औषधांचा. रात्री अकराला नर्स म्हणते, "चार्टवर ऑर्डर आहे, पेशंट विव्हळतोय, ई-किटचा कोड दे." कायद्याने नर्सिंग होममधली चार्ट ऑर्डर हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. डॉक्टरांची सही असलेलं प्रिस्क्रिप्शन फॅक्सने आलं तर नर्सिंग होमच्या रहिवाशासाठी ते मूळ प्रत म्हणून चालतं, रिटेलच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला ही सवलत नाही. तेही नसेल तर डॉक्टरांनी स्वतः तुम्हाला फोन करायला हवा. नर्सच्या तोंडचा निरोप चालत नाही. तो डोस फक्त तातडीपुरता द्यायचा आणि लेखी प्रिस्क्रिप्शन सात दिवसांत यायला हवं. ई-किटमधली गोळी नर्सिंग होमच्या कपाटात असली तरी नियम हाच. पलीकडे माणूस दुखण्याने तळमळतोय आणि तुम्ही कोड देत नाही, हे फार कठीण वाटतं. अशा वेळी नर्सशी वाद घालत बसू नका, फोन ठेवा आणि डॉक्टरांच्या आन्सरिंग सर्व्हिसला स्वतः लावा. दहा-पंधरा मिनिटांत मार्ग निघतो, बहुधा.

४. पगार बघा, पण ताशी बघा

मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत अमेरिकेतल्या फार्मासिस्टचा मधला वार्षिक पगार १,३७,४८० डॉलर होता. रिटेल आणि एलटीसी दोन्ही याच्या आगेमागेच असतात, राज्याप्रमाणे वर-खाली. फरक पडतो तो तासांत. ऑफरमध्ये आठवड्याचे ‘गॅरंटीड’ तास किती, हे पाहा. रिटेलमध्ये ३२ तासांची ऑफर ४० समजून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. एलटीसीत रात्रपाळी आणि ऑन-कॉलचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा. ऑन-कॉल म्हणजे घरी झोपायचं, पण फोन उशाशी.

साइन-ऑन बोनस, म्हणजे रुजू होताना मिळणारी रक्कम, हे मधाचं बोट आहे. त्याच्याखाली बारीक अक्षरांत दोन वर्षं सोडून न जाण्याची अट असते आणि मधेच सोडलं तर पैसे परत. काही ठिकाणी हातात पडले तेवढे नव्हे, तर टॅक्स कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागतात. विचारून घ्या.

कायमची नोकरी म्हणाल तर ती आता दोन्हीकडे नाही. चेन दुकानांपैकी राइट एड ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, मे २०२५ मध्ये पुन्हा गेली आणि त्याच वर्षी तिची शेवटची दुकानं बंद झाली. वॉलग्रीन्सने २०२४ मध्ये १,२०० दुकानं बंद करणार असं जाहीर केलं. एलटीसीतलं मोठं नाव ऑम्निकेअर, तिनेही सप्टेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एकीकडे पीबीएम, म्हणजे इन्शुरन्सच्या वतीने औषधांची बिलं भागवणाऱ्या कंपन्या, औषधाची खरेदी किंमतही धड देत नाहीत, दुसरीकडे नर्सिंग होम स्वतःच कर्जात. हॉस्पिटलातून आलेल्या पेशंटच्या थोड्या दिवसांच्या, मेडिकेअर पार्ट ए पैसे भरतं अशा मुक्कामात तर औषधांचा खर्च नर्सिंग होमला मिळणाऱ्या रोजच्या रकमेतूनच भागवायचा असतो, त्यामुळे महाग औषध पाठवण्याआधी त्यांच्या मंजुरीचा फोन करावा लागतो. हे फोनही तुम्हीच करायचे.

५. व्हिसावर असाल तर हा प्रश्न पहिल्या फोनला विचारा

फार्म.डी. ही पदवी स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान पदव्यांच्या, सरकारी यादीत नाही. म्हणजे ओपीटी, पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, तिला पुढे २४ महिन्यांची शेपटी नाही, आणि त्यातही बेकारीचे दिवस एकूण ९० च्या वर जाता कामा नयेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी मार्चमध्ये. तारखा मांडून पाहा. मे महिन्यात पदवी, मग परीक्षा, लायसन्स हातात येईपर्यंत ऑगस्ट. तुमच्या वाट्याला लॉटरीची एकच फेरी येते. मालक स्पॉन्सर करतो का, हे "नंतर बघू" वर सोडू नका. मोठ्या कंपन्यांत त्याचं ठरलेलं धोरण असतं, चालू वर्षाचं विचारा. छोट्या खासगी एलटीसी फार्मसीत मालकाला हा प्रकारच नवा असू शकतो. चांगला मालक असला तरी वकील शोधण्यात तीन महिने घालवतो.

६. कागदपत्रांची फाइल

दोन्हीकडे लागणारं: राज्याचं लायसन्स, एनएबीपीचा ई-प्रोफाइल क्रमांक, एनपीआय हा आरोग्यसेवेतल्या माणसाचा ओळख क्रमांक (फुकट मिळतो, पैसे भरू नका), आय-९ फॉर्मसाठी कामाच्या परवानगीचा कागद, सोशल सिक्युरिटी कार्ड. पार्श्वभूमी तपासणी आणि ड्रग टेस्ट होणारच.

रिटेलसाठी यावर आणखी: लस टोचण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि मुदतीत असलेलं सीपीआरचं कार्ड. हे कार्ड दोन वर्षांनी संपतं आणि नेमकं फ्लूच्या हंगामात संपलेलं सापडतं.

एलटीसीसाठी यावर आणखी: नर्सिंग होममध्ये जायचं असेल तर टीबी टेस्टचा अहवाल, लसीकरणाची नोंद, स्वतःची गाडी. फ्लोरिडात कन्सल्टंट फार्मासिस्टचं वेगळं लायसन्स लागतं. बीर्स क्राइटेरिया, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी, तिची ताजी आवृत्ती एकदा नीट वाचून जा. मूळ यादी १९९१ मध्ये नर्सिंग होमच्या पेशंटसाठीच बनली होती. पीआरएन मानसिक औषधांना १४ दिवसांची मर्यादा का असते, एवढं मुलाखतीत सांगता आलं तरी समोरचा पुढे सरकून बसतो.

स्वतःचा लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे कामातल्या चुकीच्या भरपाईचा विमा, दोन्हीकडे काढा. कंपनीचा असतोच, पण तो आधी कंपनीला वाचवतो.

७. मुलाखतीत तुम्ही विचारायचे प्रश्न

आपली मुलं इथं कमी पडतात. "एनी क्वेश्चन्स?" वर "नो, थँक यू" म्हणून उठतात. रिटेलमध्ये विचारा: दिवसाला प्रिस्क्रिप्शन किती, आणि माझ्या शिफ्टला टेक्निशियन किती? नुसता पहिला आकडा काही सांगत नाही. तीनशे प्रिस्क्रिप्शन चार टेक्निशियनबरोबर सुखाची, दीडशे एका टेक्निशियनबरोबर नरक. तुम्ही ठरलेल्या दुकानात असणार की ‘फ्लोटर’, म्हणजे गरज पडेल त्या दुकानात? फ्लोटर असाल तर किती मैलांच्या परिघात?

एलटीसीत विचारा: बेड किती, कट-ऑफ किती वाजता, शेवटची गाडी किती वाजता. ताज्या ॲडमिशनच्या दिवशी फार्मासिस्ट किती असतात. आयव्ही रूम आहे का आणि तिथलं प्रशिक्षण कोण देतं. आणि हा माझा आवडता: आधीचा माणूस का गेला? उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐका.

८. एक पूर्ण पाळी उभं राहून पाहा

सही करण्याआधी एक दिवस ‘शॅडो’ करू द्या म्हणा. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर तेही उत्तरच. रिटेलला सोमवारी जा, वीकेंडला साचलेलं सगळं त्या दिवशी उसळतं. एलटीसीला शुक्रवारी दुपारी तीनला जा आणि शेवटची गाडी सुटेपर्यंत थांबा. शुक्रवारी हॉस्पिटलं वॉर्ड रिकामे करतात.

माझं मत विचाराल तर, बोलण्यात अजून बिचकत असाल तर पहिलं वर्ष रिटेलमध्ये काढा. तिथं रोज शंभर माणसांशी बोलून जीभ सुटते, इन्शुरन्सची भाषा कळते, आणि पुढे एलटीसीत त्याचा उपयोग होतो. पण दोन वर्षांच्या बोनसने बांधून घेऊ नका. उलट तुम्ही मुळात शांत, एका जागी बसून बारकाईने वाचणारे असाल आणि आयव्ही रूम असलेली एलटीसी मिळत असेल, तर कुणी "आधी रिटेल केलंच पाहिजे" म्हटलं तरी ऐकू नका. एलटीसीतून पाच वर्षांनी काउंटरवर परतणं मात्र अवघड जातं. लसी टोचायचा हात जातो, इन्शुरन्सचे कोड विसरतात. मी म्हणून महिन्यातला एक शनिवार अजून रिटेलमध्ये पर डायम, म्हणजे दिवसाच्या बोलीवर, करते.

९. रुजू होण्याच्या आठवड्यात

संगणक प्रणालीचा सराव मागून घ्या. एलटीसीची प्रणाली रिटेलपेक्षा पार वेगळी असते आणि नर्सिंग होमच्या ई-मारशी, म्हणजे औषधं दिल्याच्या संगणकी नोंदवहीशी, जोडलेली असते. एखादी ऑर्डर तुम्ही बंद केली की तिकडे नर्सच्या स्क्रीनवरून औषध नाहीसं होऊ शकतं. कुठलं बटण काय करतं ते पहिल्या दिवशी विचारा, पन्नासाव्या दिवशी विचारायला लाज वाटते. पहिल्या महिन्यात स्वतःच्या वहीत रोज एक चूक किंवा थोडक्यात टळलेली चूक लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून ‘इचिंग’ एवढंच लिहिलेलं आहे. आणि बूट चांगले घ्या, अर्धा नंबर मोठे. दोन्हीकडे दहा-दहा तास उभंच राहायचं आहे, आणि संध्याकाळी पाय सुजतात.